वडील कोणाहून वडील?

बायबलच्या नव्या करारात वयाविषयीचं एक विशेषण साठाहून अधिक वेळा येतं : प्रेस्बुतेरोस. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. मी मुसलमान, लिहितो मराठीत, आणि बोलणार ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या ग्रीक शब्दावर. कुणाला हा आगंतुकपणा वाटेल. पण शब्दांच्या गावात वेस नसते, आणि हा शब्द तर आपल्या इतक्या जवळचा आहे की त्याची भावंडं आपल्या घरात, गल्लीत, आडनावांत वावरतात. बी.ए.ला संस्कृतचा एक पेपर होता. त्यातलं 'तर-तम' डोक्यात पक्कं बसलं होतं. तेवढ्या भांडवलावर आणि कोशांच्या आधारावर हा उद्योग.

आधी शब्दाची घडण पाहू. 'प्रेस्बुस' म्हणजे वयस्क माणूस. त्याला 'तेरोस' हा प्रत्यय लागला की झाला 'अधिक वयाचा'. ग्रीकमध्ये 'सोफोस' म्हणजे शहाणा, 'सोफोतेरोस' म्हणजे अधिक शहाणा आणि 'सोफोतातोस' म्हणजे सर्वांत शहाणा. हा 'तेरोस' म्हणजे संस्कृतातला 'तर'. लघुतर, गुरुतर यांतला. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, तेव्हा हे नुसतं उच्चारसाम्य नव्हे, सख्खं नातं आहे. फारसीतही तोच 'तर' आहे : बेहतर, बदतर, कमतर. 'मेलो तरी बेहत्तर' असं आपण म्हणतो तेव्हा त्या 'बेहत्तर'च्या शेपटीला हाच प्रत्यय लोंबत असतो.

मराठीनं मात्र हा प्रत्यय जिवंत ठेवला नाही. आपण 'पेक्षा' लावतो किंवा 'हून' लावतो. दादाहून मोठा, ताईपेक्षा लहान. विशेषण जसंच्या तसं राहतं आणि ज्याच्याशी तुलना करायची त्या नामावर सगळा भार पडतो. ग्रीकमध्ये विशेषण स्वतःच बदलतं. त्यामुळे ज्याच्याशी तुलना आहे तो माणूस वाक्यात नसला तरी चालतं. ही सोय लक्षात ठेवा. पुढचा सगळा गोंधळ या सोयीतून झाला आहे.

मराठीनं प्रत्यय सोडला असं म्हटलं खरं, पण एका शब्दात तो चांगला मुरून बसला आहे. तो शब्द म्हणजे 'म्हातारा'. कोशकार त्याची व्युत्पत्ती 'महत्तर' अशी देतात. महत् आणि तर : अधिक मोठा. म्हणजे आपला म्हातारा हा व्याकरणानं प्रेस्बुतेरोसचाच भाऊ. दोघेही मुळात तुलना करणारे, आणि दोघेही कोणाशी तुलना ते विसरलेले. गंमत इथे संपत नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत राजा दान दिल्याचं ज्यांना कळवतो, त्या अधिकाऱ्यांच्या यादीत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट यांच्यापाठोपाठ 'महत्तर' येतात. ते गावातले वजनदार लोक. ते सगळे वयानं म्हातारे होते असं कुणी म्हणणार नाही. 'म्हात्रे' हे आडनावही याच महत्तरांपासून आलं असं मानतात. फारसीत 'मेहतर' म्हणजे अधिक मोठा, सरदार. चित्रालच्या संस्थानिकाची पदवीच मुळी 'मेहतर' अशी होती. तोच शब्द आपल्या शहरांत सफाईचं काम करणाऱ्या समाजाला चिकटवला गेला. काम तेच ठेवायचं आणि माणसाला मोठा शब्द द्यायचा, ही रीत आपल्याकडे बरीच जुनी दिसते.

आता नव्या करारात हा शब्द कसा वागतो ते पाहू. त्याचं सगळ्यांत सरळ रूप लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत आहे. एका माणसाला दोन मुलगे. धाकटा आपला वाटा मागून घेतो, परदेशी जाऊन उधळतो, परततो. त्याच्यासाठी मेजवानी सुरू होते तेव्हा थोरला शेतात असतो. हा थोरला म्हणजे प्रेस्बुतेरोस आणि धाकटा म्हणजे 'नेओतेरोस', अधिक तरुण. दोघांनाही 'तेरोस' लागलेला, कारण दोघेच आहेत आणि एकाचं माप दुसऱ्यावरून काढायचं आहे. ग्रीकमध्ये इथे शब्दांची मांडणी 'तो मुलगा त्याचा, तो थोरला' अशी आहे. निश्चितपणा दाखवणारं 'तो' हे उपपद नामाआधी एकदा आणि विशेषणाआधी पुन्हा एकदा. नाम आधी येऊन गेल्यावर विशेषण नंतर जोडताना ग्रीक हे उपपद पुन्हा उच्चारते. मराठी वाचकाला ही द्विरुक्ती वाटेल. ग्रीकमध्ये ती विशेषणाची ओळखखूण आहे. जुन्या मराठी भाषांतरात या थोरल्याला 'वडील मुलगा' म्हटलं आहे. आजच्या शहरी मुलांना 'वडील मुलगा' हा विरोधाभास वाटेल, कारण त्यांच्या लेखी वडील म्हणजे बाप. पण वडील भाऊ, वडील मुलगा, वाडवडील, वडीलधारे हे सगळे प्रयोग शब्दाची जुनी रुंदी दाखवतात. वतनांच्या जुन्या कागदांत पाटीलकीच्या 'वडीलपणा'वरून भाऊबंदांचे तंटे आढळतात. पहिला मान कुणाचा, यावरून पिढ्यानपिढ्या भांडण. वयाच्या विशेषणाला हक्क चिकटला की असं होतं.

या दोन भावांच्या गोष्टीत तुलना जिवंत आहे. पण बहुतेक ठिकाणी ती मेली आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र जुन्या भविष्यवाणीचा आधार घेऊन तरुणांना दृष्टान्त होतील आणि प्रेस्बुतेरोई स्वप्नं पाहतील असं सांगतो. तिथे अर्थ नुसता 'वृद्ध'. इब्री लोकांस पत्रात हाच शब्द पूर्वजांसाठी आहे, आपल्या वाडवडिलांसारखा. आणि शुभवर्तमानांत मुख्य याजक व शास्त्री यांच्या जोडीला जे प्रेस्बुतेरोई येतात ते यहुदी समाजाचे पुढारी. त्यांच्या वयाची चौकशी कुणी करत नाही. हे असं होणं काही अद्भुत नव्हे. आपला 'ज्येष्ठ' हा शब्द संस्कृतात 'तम' भावाचा आहे, म्हणजे सर्वांत मोठा. आज आपण त्यातलं 'सर्वांत' विसरलो आणि 'ज्येष्ठतम' म्हणू लागलो. ज्येष्ठ नागरिकांची रांग असते, त्यात सगळेच ज्येष्ठ. शाळेतल्या संस्कृतच्या मास्तरांना हे सहन झालं नसतं.

पण ग्रीक शब्दाची तुलना का मेली, याला एक खास कारणही आहे. यहुद्यांचा धर्मग्रंथ हिब्रूतून ग्रीकमध्ये आणण्याचं काम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालं. हिब्रूत वृद्धासाठी शब्द आहे 'झाकेन', आणि 'झाकान' म्हणजे दाढी. दाढी आलेला, पिकलेला, तो झाकेन. अरबीत हनुवटीला 'झकन' म्हणतात, तेही याच घरातलं. हिब्रूत 'तर-तम'चा प्रत्ययच नाही. तिथेही आपल्या 'हून'सारखा एक शब्द लावून काम भागवतात. मोशेनं निवडलेले सत्तर झाकेन हे नुसते 'वृद्ध' होते, 'अधिक वृद्ध' नव्हते. भाषांतरकारांनी त्यांना प्रेस्बुतेरोई केलं. मुळात नसलेला 'तर' इथे शिरला, आणि ज्यांच्याशी तुलना करायची ती माणसं कुठेच नव्हती. अर्थात भाषांतरकारांनी हे हवेतून आणलं नाही. इजिप्तमधल्या पपायरसांवर 'गावचे प्रेस्बुतेरोई' असा उल्लेख येतो. ते गावकारभारी. त्याच पपायरसांत एका नावाच्या दोघांतला थोरला दाखवायलाही हाच शब्द येतो. म्हणजे एकाच गावात एकाच शब्दानं कुणाचा जन्म आधी झाला हेही सांगत आणि कारभार कुणाकडे आहे हेही. आपल्या महत्तरांची आठवण मला इथे फार तीव्रतेनं झाली.

आमच्याकडेही हेच आहे. अरबीत 'शेख' म्हणजे वयोवृद्ध. कुराणात इब्राहीमची पत्नी मूल होणार हे ऐकून चकित होते आणि आपल्या नवऱ्याला 'शेख' म्हणते, तेव्हा तिला फक्त त्याचं वय सांगायचं आहे. पुढे शेख म्हणजे टोळीचा नायक झाला, गुरू झाला, विद्वान झाला, आणि अखेर महाराष्ट्रातल्या शाळेच्या हजेरीपटावर आडनाव होऊन बसला. आमच्या वर्गात पाच शेख होते, सगळे दहा वर्षांचे. फारसीत 'पीर' म्हणजेही म्हातारा. गावाबाहेरच्या पीराला नवस बोलणाऱ्या माउलीला आपण 'म्हाताऱ्या'ला नवस बोलतो आहोत हे कुणी सांगितलं तर ती हसेल. बौद्धांचे 'थेर' म्हणजे स्थविर, तेही वृद्धच. माणसांनी जगभर वयाच्या शब्दातून अधिकाराचा शब्द काढला आहे. प्रेस्बुतेरोसचं वेगळेपण एवढंच, की त्यात हे संक्रमण चालू असताना तो ग्रंथात पकडला गेला. त्यामुळे काही ओळींत तो नेमका कुठल्या अर्थानं उभा आहे हे ठरवताना घाम फुटतो.

तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय घ्या. सुरुवातीलाच सांगितलं आहे की प्रेस्बुतेरोसला कठोर बोलू नकोस, बापासारखा समज. तरुणांना भावांसारखे, वडील स्त्रियांना आईसारख्या आणि तरुणींना बहिणींसारख्या. इथे प्रेस्बुतेरोस म्हणजे मंडळीचा अधिकारी की वयानं मोठा माणूस? एकटा शब्द पाहिला तर सांगता येणार नाही. पण बाजूला बाप, भाऊ, आई, बहीण अशी घरातली चार नाती आणि 'नेओतेरोस' ही जोडी आहे, तेव्हा अर्थ वयाचाच. विरुद्धार्थी शब्द शेजारी उभा राहिला की मेलेली तुलना पुन्हा श्वास घेऊ लागते. त्याच अध्यायात सोळा ओळी खाली मात्र चांगला कारभार करणाऱ्या प्रेस्बुतेरोईंना दुप्पट मान द्यावा असं येतं. इथे तेच विशेषण पदनाम झालं आहे. 'मान' असं मी म्हटलं, पण मूळ शब्द 'तिमे' याचा अर्थ मान असा होतो आणि मोलही. लगेच पुढे मळणीच्या बैलाचा आणि मजुराच्या मजुरीचा दाखला आहे, म्हणजे पैशाचा विचार डोक्यात आहेच. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : मानधन. कवीला बहुधा त्यातला पूर्वार्ध मिळतो, ते सोडा.

पेत्राच्या पहिल्या पत्रातला पेच अधिक अवघड आहे. पाचव्या अध्यायाच्या आरंभी प्रेस्बुतेरोईंना उपदेश आहे : कळप राखा, धन्यासारखी सत्ता गाजवू नका. म्हणजे पदाधिकारी. चार ओळींनंतर तरुणांना सांगितलं आहे की प्रेस्बुतेरोईंच्या अधीन राहा. आता हे कोण? नुकतेच येऊन गेलेले पदाधिकारी, की 'तरुण' शब्दाच्या समोर आल्यामुळे पुन्हा नुसते वृद्ध? भाषांतरं इथे दोन वाटांनी जातात. माझं मत विचाराल तर त्या काळच्या वाचकाला ही वाट फुटलेलीच दिसली नसावी. त्याच्या डोक्यात दोन्ही अर्थ एकाच घोंगडीखाली झोपत होते. ते वेगळे काढण्याची गरज नंतरच्यांना पडली.

आणि ती गरज पडली तेव्हा प्रकरण जिवावर बेतलं. प्रेस्बुतेरोस लॅटिनमध्ये 'प्रेस्बिटर' झाला आणि झिजत झिजत इंग्रजीत 'प्रीस्ट'. म्हणजे प्रीस्ट हा शब्द मुळात 'अधिक वयाचा' एवढाच. परंतु ग्रीकमध्ये वेदीवर यज्ञ करणाऱ्या पुरोहिताला वेगळाच शब्द आहे, 'हिएरेउस'. मराठी बायबल त्याला 'याजक' म्हणतं. इंग्रजीत मात्र दोघेही प्रीस्ट झाले. मंडळीतला वडीलधारा आणि वेदीवरचा याजक यांची गाठ एका झिजलेल्या शब्दानं मारली.

विल्यम टिंडल यानं १५२६ साली मूळ ग्रीकवरून केलेला इंग्रजी नवा करार छापला. त्यात त्यानं प्रेस्बुतेरोससाठी 'प्रीस्ट' टाळून 'सीनियर' हा शब्द घातला आणि १५३४ च्या सुधारित आवृत्तीत 'एल्डर' केला. १५२९ मध्ये सर टॉमस मोर यांनी ग्रंथ लिहून त्याच्यावर हल्ला चढवला. ज्या शब्दांवर त्यांचा रोख होता त्यांत हा एक. मोर यांचं म्हणणं सर्वस्वी चूक होतं असं मला वाटत नाही : पदनामाचं भाषांतर वयानं केलं तर पदच नाहीसं होतं. ताम्रपटातल्या महत्तरांना 'म्हातारे' म्हटलं तर चालेल का? पण टिंडलची बाजूही भक्कम होती. चर्चनं प्रमाण मानलेल्या जेरोमच्या लॅटिन भाषांतरातही हा शब्द कुठे 'प्रेस्बिटर' ठेवला आहे, कुठे 'सेनिओर' केला आहे आणि इफिसच्या वडिलांच्या प्रसंगी तर चक्क 'जन्मानं मोठे' असं म्हटलं आहे. टिंडलच्या प्रती जाळल्या गेल्या. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ व्हिल्वोर्ड इथे त्याला पाखंडी ठरवून गळा आवळून मारलं आणि देह जाळला. एका विशेषणासाठी नव्हे. पण आरोपांच्या मुळाशी असे शब्दच होते. मोर यांचं मस्तक त्याआधी एक वर्ष, राजाच्या मर्जीविरुद्ध गेल्यानं, उडवलं गेलं होतं.

ज्या चर्चचा कारभार निवडलेल्या वडिलांच्या हाती असतो ते 'प्रेस्बिटेरियन' म्हणवू लागले. मुंबईतल्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन याच स्कॉटिश परंपरेतले. दुसरीकडे पोर्तुगीजांबरोबर 'पाद्री' आला. 'पाद्रे' म्हणजे बाप. एका परंपरेनं धर्मगुरूला 'अधिक वयाचा' म्हटलं, दुसरीनं 'बाप'. मराठी बायबलनं प्रेस्बुतेरोससाठी जो शब्द निवडला, 'वडील', त्यात दोन्ही आहेत. थोरला मुलगा वडील, मंडळीचा कारभारी वडील, जन्मदाता वडील. इंग्रजांना ज्यावर भांडावं लागलं तिथे मराठीनं संदिग्धतेला संदिग्धता दिली. मला हे भाषांतर फार आवडतं.

एका बाबतीत मात्र मराठी कमी पडते. 'वडील' हे न बदलणारं विशेषण आहे. वडील भाऊ, वडील बहीण, शब्द तोच. ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी रूप वेगळं होतं : प्रेस्बुतेरा. तिमथ्याच्या पत्रात 'आईसारख्या' म्हणून ज्या स्त्रिया येतात त्या याच रूपात. मग पुल्लिंगी रूप पदाचं नाव होऊ शकतं, तर स्त्रीलिंगी का नाही? त्या ओळीत नाती आहेत, तेव्हा अर्थ वयाचाच, हे मी वर म्हटलंच. परंतु चौथ्या शतकात लाओदिकिया इथल्या धर्मसभेनं 'प्रेस्बुतिदेस' म्हणवणाऱ्या स्त्रियांची नेमणूक करू नये असा नियम केला. जे कुठे घडतच नाही त्याला कुणी मनाई करत नाही. या स्त्रिया नेमकं काय करत होत्या यावर अभ्यासकांत वाद आहे. आज ग्रीक चर्चमध्ये याच शब्दाचा 'प्रेस्वितेरा' हा उच्चार ऐकू येतो, अर्थ धर्मगुरूची पत्नी. आपल्या पाटलीणबाई जशा. शिवाय ग्रीकमध्ये पुल्लिंगी अनेकवचन स्त्रीपुरुषांच्या मिश्र समुदायालाही चालतं. इब्री लोकांस पत्रात ज्या प्रेस्बुतेरोईंची विश्वासाबद्दल वाखाणणी आहे, त्यांच्या यादीत राहाब या वेश्येचं नाव आहे. स्त्रियांना हे पद द्यावं की नाही, हा वाद अनेक चर्चमध्ये आजही चालू आहे. त्याचा निकाल व्याकरण लावणार नाही, पण 'शब्दच पुरुषाचा आहे' एवढं कारण पुढे करणाऱ्यानं ही यादी वाचावी.

शेवटी या शब्दाच्या एका धाकट्या भावाविषयी. 'प्रेस्बुतेस' म्हणजे नुसता वृद्ध, त्यात 'तर' नाही. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो यानं हिप्पोक्रातिसच्या नावावर माणसाच्या वयाचे सात टप्पे दिले आहेत. त्यांत एकोणपन्नासपर्यंत पुरुष, पुढे छप्पन्नपर्यंत प्रेस्बुतेस आणि नंतर 'गेरोन', म्हणजे जराजर्जर. मी सध्या प्रेस्बुतेसच्या खान्यात बसलो आहे आणि पुढचा खाना फार दूर नाही.

पौल तुरुंगातून फिलेमोनला एक छोटं पत्र लिहितो. फिलेमोनचा गुलाम ओनेसिम पौलाकडे आलेला आहे. त्याला तो परत पाठवतो आहे आणि त्याला गुलाम नव्हे, भाऊ मानून घे अशी विनंती करतो आहे. त्या विनंतीत पौल स्वतःला प्रेस्बुतेस म्हणवतो. अठराव्या शतकातल्या रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडितानं सुचवलं की इथे 'प्रेस्बेउतेस' हवं, म्हणजे राजदूत. फरक एका अक्षराचा, आणि पौल दुसऱ्या एका पत्रात स्वतःला बेड्यांतला दूत म्हणतो, त्यामुळे सूचना अगदीच तकलादू नाही. अनेक भाषांतरांनी तळटीपेत तिला जागा दिली आहे. पण हस्तलिखितांत 'वृद्ध' आहे, आणि मला तेच बरोबर वाटतं. कारण आधीच्याच ओळीत पौल म्हणतो की मला तुला हुकूम करता आला असता, पण मी प्रीतीखातर विनवणी करतो. दूताला हुकूम करता येतो. ज्यानं हुकूम बाजूला ठेवला आहे त्याच्याकडे मग उरतं ते वय आणि पायातली बेडी, आणि त्या ओळीत पौल या दोनच गोष्टी पुढे करतो.